सुरवसेकाकांचे तीन क्रेट

“रिजेक्ट! मॅडम, हा पीस रिजेक्ट हाय!”

सुरवसेकाका असे ओरडले की खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी अर्ध्यात थांबली. पार्किंगमध्ये झोपलेलं कुत्रं उठलं, त्यानं वर बघितलं आणि गुन्हा कबूल केल्यासारखं शेपूट घालून गेटबाहेर निघून गेलं. मी दारात उभा होतो, हातात गरमागरम प्रिंटांचा गठ्ठा घेऊन. समोर खुर्चीवर केतकी मॅडम. त्यांच्या हातातला चहाचा कप ओठांपासून चार बोटांवर थांबलेला.

“काका,” मॅडम हळूच म्हणाल्या, “तो पेपर माझा आहे.”

“म्हणून तर तोंडावर सांगतोय. माघारी रिजेक्ट करणारा इन्स्पेक्टर हलका समजायचा.”

आणि काकांनी तो पेपर, सुतळीनं लेबल बांधून, लाल क्रेटमध्ये टाकला.

केतकी मॅडम म्हणजे काकांच्या पीएच.डी.च्या गाइड. त्यांचं वय चौतीस, काकांचं चौसष्ट. गाइडचा पेपर गाइडच्या देखत नापास करणारा विद्यार्थी मी आजवर पाहिला नव्हता, आणि मी विद्यार्थी काही थोडेथोडके पाहिलेले नाहीत. संत तुकाराम नगरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वीस वर्षांत माझ्या मशीनमधून इतके प्रबंध बाहेर पडलेत की नुसत्या शाईच्या वासावर मी अर्धा डॉक्टर झालोय. पोरं विचारतात, “भाऊ, निष्कर्ष कसा वाटतोय?” मी म्हणतो, “गरम आहे अजून, जरा गार होऊ दे.”

काकांचा विषय होता, ‘वित्तीय समावेशनावरील संशोधनाचे बदलते कल’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांना बसायला स्टूल आणि प्यायला पाणी दिलं होतं. पुढं कळलं की भानगड सोपी आहे. ज्याच्यापर्यंत बँक पोचली नाही त्याच्यापर्यंत खातं, बचत, विमा, कर्ज हे सगळं पोचवायचं, याला म्हणायचं वित्तीय समावेशन. त्यावर जगभरचे विद्वान पेपर लिहितात. ते आधी काय लिहीत होते आणि आता काय लिहायला लागलेत, हे काका बघत होते. म्हणजे बँक गरिबाला तपासणार, विद्वान बँकेला तपासणार आणि विद्वानाला तपासायला आमचे सुरवसेकाका. गरिबाच्या खात्यात जेवढे रुपये नसतील तेवढे पेपर त्याच्या खात्यावर निघालेत. काकांनी त्यातला एकही सोडला नाही, आणि पानाला दीड रुपया या दरानं मीही सोडला नाही.

काका मूळचे लातूरकडचे, औशाजवळच्या गावातले. चाकणच्या एका कंपनीत ब्रेकचे सुटे भाग बनायचे, तिथं एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. लोक शर्टाच्या खिशात पेन लावतात, काका व्हर्नियर लावायचे. केसाची जाडी सांगणारं मोजमापाचं हत्यार ते. निवृत्तीनंतर कंपनीचं गेट सुटलं, पण तपासणी सुटली नाही. पुनावळ्याला एका लग्नात त्यांनी जिलेब्यांचा व्यास मोजून अख्खा घाणा ‘होल्ड’वर टाकला. आचारी झारा घेऊन मागं लागला आणि काका पुढं पळत होते, पळता पळता समजावत होते की बाबा, तुझ्या कढईत दोष नाही, तुझा हात कंट्रोलमध्ये नाही. आमच्या बिल्डिंगला नवी लिफ्ट बसली तेव्हा काकांनी कानानं तपासून दारावर पिवळं ‘होल्ड’ लेबल चिकटवलं. पाचव्या मजल्यावरची माणसं आठवडाभर जिना चढून बारीक झाली. आठव्या दिवशी लिफ्ट बसवणारा मेकॅनिक, “म्हाताऱ्यांचं काय ऐकता राव,” असं म्हणून एकटाच आत शिरला. दोन तासांनी बाहेर काढला तेव्हा त्यानं आधी काकांचे पाय धरले.

घरातही तेच. शकूकाकूंच्या भाकरीला व्हर्नियर पुरत नसे, म्हणून काकांनी ताटाशेजारी स्टीलची पट्टी ठेवलेली. भाकरी पडली की पट्टी लागायची. “कालच्यापेक्षा चार मिलिमीटर कमी,” असा अहवाल यायचा. काकू तव्यावरची नजर न काढता सांगायच्या, “उरलेले चार उद्या देते.” पोरगा पोटापाण्यासाठी बंगळुरात, काका कंपनीत तीन पाळ्यांत, आणि काकू आपल्या दोन खोल्यांत. बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे सुरवसेवहिनी म्हणायचे. शकू हे नावसुद्धा मला रेशनकार्डाची झेरॉक्स काढताना कळलं.

काका निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत काकू गेल्या. त्यानंतर सहा महिन्यांनी हा माणूस अचानक पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेला बसला. नोकरीत असतानाच बाहेरून एम.कॉम. केलेलं होतं, ते आता उपयोगी पडलं. बिल्डिंगचं मत असं पडलं की म्हाताऱ्याचा वेळ जात नसेल. माझंही तेच. मला तर पक्कं गिऱ्हाईक मिळालं होतं. गिऱ्हाइकाला कारण विचारू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

कारणं विचारायचं काम काकांकडं होतं. कंपनीत शिकवतात, बिघाड झाला की पाच वेळा ‘का’ विचारायचं, पाचव्याला मूळ कारण हाताला लागतं. काका ते भाजीवाल्यालाही लावत. कोथिंबीर महाग का? माल कमी आला. का? गाडी उशिरा निघाली. का? चऱ्होलीला थांबली. का? तिथं मेव्हणा भेटला. का? इथं भाजीवाल्यानं तराजू खाली ठेवला. जमिनीच्या वाटणीवरून सासरवाडीशी झालेलं सगळं भांडण त्यानं रस्त्यात सांगितलं आणि हलकं वाटलं म्हणून जुडी फुकट देऊन गेला.

तर संशोधन. हॉलमध्ये तीन प्लॅस्टिकचे क्रेट: हिरवा, पिवळा, लाल. कंपनीनं निरोप समारंभात चांदीची फ्रेम दिली होती, काकांनी ती परत करून हे क्रेट मागून घेतले अशी वदंता आहे. मीच पसरवली, पण खोटी नसावी. प्रत्येक पेपराला लेबल: लॉट नंबर, तारीख, आणि लेखकाच्या जागी ‘सप्लायर’. कंपनीत पार्ट तपासायला गेज असतं. पार्ट त्यात बसला तर पास, अडला तर नापास, चर्चा नाही. काकांचं गेज एका प्रश्नाचं होतं: लिहिणारा कुणाला भेटला का? भेटला आणि तो माणूस काय बोलला ते लिहिलं, तर हिरवा. भेटला, पण नुसत्या टिकमार्क करून परत आला, तर पिवळा, म्हणजे दुरुस्तीला पाठवा. कुणालाच न भेटता लिहिलं, तर लाल.

यातून त्यांना जो कल सापडला तो मी दुकानात गिऱ्हाइकांना फुकट सांगत असे. आधीचे लोक वाड्यावस्त्यांवर जात, बचतगटातल्या बायकांशेजारी सतरंजीवर बसत, त्यांचं गाऱ्हाणं लिहून घेत. मग आले प्रश्नावलीवाले; त्यांना उत्तर हो किंवा नाही एवढंच हवं. मग मोबाईल आला, तेव्हा विद्वानांनी माणसाला विचारायचं सोडून मोबाईललाच विचारायला सुरुवात केली. मग निर्देशांक आले. आणि आता तर विद्वान एकमेकांचे पेपर मोजून पेपर लिहितात. हिरवा क्रेट तळाला, लाल क्रेटवर डोंगर. “पेपर पेपराला भेटतोय,” काका म्हणायचे, “मान्साला भेटायला कुणी मोकळं न्हाई.”

त्या दिवशी मॅडमचा पेपर लाल क्रेटमध्ये गेला तेव्हा मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला आणि हाच मुद्दा पकडला.

“काका, मग तुम्ही कुणाला भेटलात? तुम्हीही पेपरच मोजताय ना?”

मी गठ्ठा छातीशी धरला. मला वाटलं, आता व्हर्नियर निघणार. काका उठले. मग त्यांनी टेबलावरून स्वतःच्या प्रबंधाचा आराखडा उचलला, त्याला लेबल बांधलं, सप्लायरच्या जागी ‘सुरवसे’ लिहिलं, आणि लाल क्रेटमध्ये मॅडमच्या पेपरावर व्यवस्थित ठेवला.

“बरोबर हाय तुमचं,” म्हणाले. “मीबी रिजेक्ट.”

मॅडमना हसू फुटलं. गाइड आणि विद्यार्थी एकाच क्रेटमध्ये असल्यावर भांडायचं कशाला? पण जी खरी अडचण त्या सांगायला आल्या होत्या ती वेगळीच होती, आणि ती होती काकांच्या लोखंडी कपाटात.

तिची गोष्ट अशी. दीड वर्षापूर्वी एका कॉलेजनं जुनी रद्दी काढली. मी किलोवर उचलली, कारण पाठकोऱ्या कागदावर मी कच्च्या प्रिंटा काढतो. काका दुकानात आले आणि सवयीनं त्या ढिगाची तपासणी करायला लागले. त्यात समाजकार्य शिकणाऱ्या कुणा मुलीचा जुना लघुप्रबंध निघाला, स्पायरल बाइंडिंगचा. विषय: आमच्याच भागातल्या कामगारांच्या बायका आणि बँक. काका उभ्याउभ्या वाचायला लागले. मग माझ्या स्टुलावर बसले. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, त्यावर बसणारा प्रत्येक जण मला शिव्या देतो आणि काका तर कायम पट्टी लावून दाखवतात. त्या दिवशी पाऊण तास बसले आणि स्टुलाबद्दल चकार शब्द नाही. उठले, लघुप्रबंध पिशवीत टाकला, दहाऐवजी शंभरची नोट ठेवली आणि सुटे न घेता गेले. मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल.

तेव्हापासून ते बाड त्यांच्या कपाटात कुलूपबंद. काका त्याला ‘मास्टर पीस’ म्हणत. कंपनीत असा एक अचूक पार्ट जपून ठेवतात, बाकीची सगळी गेजं त्याच्याशी पडताळायची. काकांनी प्रबंधाचं पाचवं प्रकरण संपूर्ण त्याच्यावर उभं केलं होतं: संशोधन कसं असावं याचा नमुना म्हणून.

आणि विद्यापीठाच्या समितीनं कळवलं होतं की नेमकं तेच काढा. छापून न आलेला, एका विद्यार्थिनीचा, एका वसाहतीतल्या सव्वीस बायकांवरचा लघुप्रबंध. त्याला शास्त्रीय किंमत नाही. ते प्रकरण काढलं तर सही, नाही तर नाही. मुदतवाढ ही शेवटची. महिनाअखेर प्रबंध गेला नाही की नोंदणी रद्द, पाच वर्षांचं काम रद्दीत. म्हणजे पुन्हा माझ्याच दुकानात, किलोवर.

काकांचं उत्तर ठरलेलं: “मास्टर पीस काढला तर गेज कशावर सेट करू?” मॅडमनी समजावलं, रागावल्या, शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही बघा काही होतंय का.”

मी म्हटलं, बघतो. खरं सांगायचं तर मी आधीच बघून ठेवलं होतं. काकांचा पेन ड्राइव्ह माझ्याकडं, छपाई माझी, बाइंडिंग माझं. पाचवं प्रकरण उडवायचं, सहाव्याला पाच नंबर द्यायचा, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. पदवी मिळाल्यावर म्हातारा फार तर पट्टी घेऊन मागं लागेल. अशी पुण्यकर्मं मी पूर्वीही केलेली आहेत. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, फाइल उघडली, पाचवं प्रकरण निवडलं, सगळं निळं झालं. आता एक बटण दाबायचं. तेवढ्यात निळ्यातली एक ओळ दिसली.

‘उत्तरदाती क्रमांक सतरा. पती चाकण येथे खासगी कंपनीत तपासनीस. भाकरीचा व्यास मोजतात.’

मी ती ओळ तीनदा वाचली. मग काहीच न उडवता पाचवं प्रकरण जाड कागदावर छापलं. पैसे लावले नाहीत. लावले नाहीत हे कुणाला सांगू नका, धंद्यावर परिणाम होतो.

समितीपुढं सादरीकरणाच्या दिवशी आम्ही तिन्ही क्रेट रिक्षात घालून निघालो. रिक्षावाल्यानं विचारलं, टोमॅटो का? काका म्हणाले, संशोधन. त्यानं वीस रुपये जास्त मागितले.

समितीचे अध्यक्ष सफारी घातलेले, वजनदार गृहस्थ. त्यांचे स्वतःचे दोन पेपर लाल क्रेटमध्ये आहेत हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ते थोड्याच वेळात लांबून दिसलं. काकांनी कल समजावून सांगितला, क्रेट दाखवले, ऐकणारे हसलेसुद्धा. पण गाडी पाचव्या प्रकरणावर आली तशी अध्यक्षांनी पेन बंद केलं. सव्वीस बायका, एक वसाहत, सांख्यिकी शून्य. आम्ही तुम्हाला लेखी कळवलं होतं, तरी हे इथं कसं? केतकी मॅडम जमिनीकडं बघायला लागल्या. मी मागच्या बाकावर क्रेटची राखण करत बसलो होतो, लाल क्रेट पायानं जरा मागं सरकवला.

“सुरवसे, तुम्ही बाकी सगळं ऐकता,” अध्यक्ष म्हणाले. “या एकाच गोष्टीवर का अडून बसलाय?”

काकांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं कुणी बऱ्याच वर्षांनी बरोबर मापाचा पाना हातात दिलाय. पिशवीतून मास्टर पीस काढला. खूण घातलेलं पान उघडलं आणि उभ्यानं वाचायला लागले. मुलीनं बायकांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलेलं होतं.

“‘खातं मीच उघडलं. ह्यांना म्हाईत न्हाई. मैन्याला पन्नास रुपये भरते. पैशापायी न्हाई जात बाई, खरं सांगू का. हितं समदे मला ह्यांच्या नावानं वळखतेत. बँकेत माझं नाव पुकारतेत, सगळं नाव, मोठ्यानं. पैल्यांदा पुकारलं की मी उठत न्हाई. दुसऱ्यांदा पुकारू देते.’”

काकांनी पान उलटलं. आवाज तोच, चाकणच्या लाइनवर माप वाचून दाखवतात तसा.

“खाली त्या पोरीनं इचारलंय, नवऱ्याला का सांगितलं न्हाई. उत्तर हाय, ‘त्यांनी कधी इचारलं न्हाई. कंपनीत दिसभर इचारून येतेत, घरी आल्यावर इचारायचं काही उरत न्हाई.’”

मग त्यांनी खिशातून, व्हर्नियरच्या मागून, एक पासबुक काढून टेबलावर ठेवलं. कडांना अजून ज्वारीचं पीठ लागलेलं होतं.

“सतरा नंबर आमची मंडळी. ती गेल्यावर पिठाच्या डब्यात हे घावलं. मूळ कारण कळंना. इचारायचं कुणाला? म्हणून पेपर वाचाय लागलो. खाती किती ते सगळ्यांनी लिवलंय. का, ते एवढ्या एकीनंच लिवलंय.”

खोलीत पंख्याचा आवाज येत राहिला. त्याची एक पाती वाकडी होती, आणि काकांनी ती सांगितली नाही.

अध्यक्षांनी हात पुढं करून बाड मागितलं. ते पान वाचलं, पुढचं वाचलं, पुन्हा मागचं वाचलं. मग पासबुक उघडलं, पहिल्या पानावरचं नाव बघितलं आणि हळू आवाजात, स्वतःशीच वाचावं तसं, संपूर्ण नाव वाचलं. काका ताठ उभे राहिले.

“हे प्रकरण राहू द्या,” अध्यक्ष म्हणाले. “बाकीचे पेपर थोडे कमी करा. फार झालेत.”

“तुमच्यापासनं सुरुवात करू का?” काकांनी प्रामाणिकपणे विचारलं.

सही झाली. मॅडम आधी हसल्या, मग पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या. काकांनी जाण्यापूर्वी लाल क्रेटमधून स्वतःचा आराखडा उचलला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि पिवळ्यात टाकला. दुरुस्ती होण्यासारखी होती म्हणे.

परतताना रिक्षात आमच्या दोघांच्या मांडीवर तीन क्रेट आणि संशोधनाचे वीस रुपये पुन्हा जास्त. भर गर्दीच्या चौकात सिग्नलला थांबलो. काकांनी पासबुक पुन्हा व्हर्नियरच्या मागं ठेवलं, खिशाचं बटण लावलं. मला राहवलं नाही. पाच वर्षं या माणसाच्या प्रिंटा काढल्या, रोज सकाळी जिन्यात भेटलो, अर्धी बिल्डिंग त्याच्यावर हसली आणि हसवायला पुढं मीच असायचो.

“काका,” मी म्हटलं, “हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?”

काका सिग्नलकडं बघत होते.

“कुणी इचारलं न्हाई,” म्हणाले.